चंद्राचा फोटो आणि बाईंचा एक प्रश्न

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘माझा छंद : चंद्राचं छायाचित्रण’ असं छापलं आहे. विषय मीच कळवला होता. पण खरं सांगायचं तर हे भाषण म्हणजे मला झालेली शिक्षा आहे. शिक्षा करणाऱ्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आपल्या भूगोलाच्या बाई. त्या म्हणाल्या, ‘मेळाव्यात सगळ्यांसमोर सांग.’ दहावी होऊन चाळीस वर्षं झाली, तरी बाईंनी सांगितलेलं टाळायची हिंमत अजून झालेली नाही.

तर आधी गुन्हा सांगतो, मग छंद.

दोन वर्षांपूर्वीची कोजागिरी आठवा. आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या रात्री नुसता मसाला दुधाचा पूर आला होता. कुणाच्या गच्चीवर पातेलं, कुणाच्या अंगणात पाट, कुणी चारोळ्या किती घातल्या ते मोजून दाखवत होतं. मी त्याच्या आठवडाभर आधी एक जुना डीएसएलआर कॅमेरा आणि २५० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स घेतली होती, आणि ते ग्रुपवर सांगूनही टाकलं होतं. साहजिकच तुमच्यापैकी एकानं विचारलं, ‘काय हो फोटोग्राफर, चंद्र कुठाय?’

चंद्र माझ्या कॅमेऱ्यात होता, पण दाखवण्यासारखा नव्हता. तासभरात चाळीसेक फोटो काढले होते आणि सगळ्यांत एकच गोष्ट : काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा गोळा. डाग नाहीत, ससा नाही, काही नाही. गच्चीवरचा एलईडी दिवा काढला असता तरी तसाच आला असता. आणि ग्रुपवर तर सगळे वाट बघत होते.

मी इंटरनेटवर शोधलं, एक सुंदर पूर्ण चंद्र उतरवून घेतला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आत्ताच, आमच्या गच्चीवरून.’

पुढचं तुम्हाला आठवत असेल. अंगठे, टाळ्या, फुलं. एक मैत्रीण म्हणाली, ‘शाळेत चित्रकलेत काठावर पास होणारा हाच का तो?’ मला तेव्हा फार बरं वाटलं, हेही कबूल करतो.

मग सव्वानऊच्या सुमारास बाईंचा मेसेज आला. बाई ग्रुपवर सगळं वाचतात, पण सहसा लिहीत नाहीत. त्यांनी लिहिलं, ‘छान. ससा डावीकडे कान करून झोपलाय. हा फोटो तू इथूनच काढलास का?’

मी लिहिलं, ‘हो बाई.’

बस, एवढंच. बाईंनी पुढे काही लिहिलं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नसेल. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. बाईंनी ‘इथूनच’ का विचारलं असेल?

उत्तर सापडायला मला तीन आठवडे लागले. ते सांगतो, कारण ते तुम्हालाही आज रात्रीपासून वापरता येईल.

चंद्रावरचे काळे डाग आपण लहानपणापासून बघतो. कुणाला हरीण दिसतं, कुणाला ससा. म्हणून तर चंद्राला मृगांक आणि शशांक ही नावं. हे डाग म्हणजे फार पूर्वी लाव्हा पसरून झालेली बेसॉल्टची मैदानं. आपल्या दख्खनच्या पठारासारखाच काळा खडक. चंद्र आपल्याला कायम एकच बाजू दाखवतो, त्यामुळे ससा तोच राहतो. पण तो रात्रभर एका कुशीवर राहत नाही. कोजागिरीच्या चंद्राकडे महाराष्ट्रातून संध्याकाळी पूर्वेला बघा, सशाचे कान वर असतात, ससा उभा असतो. मध्यरात्री चंद्र माथ्यावर आला आणि आपण दक्षिणेकडे तोंड करून पाहिलं की कान उजवीकडे झालेले असतात. पहाटे पश्चिमेला मावळताना कान खाली. फिरत असतो तो चंद्र नाही, फिरतो आपण, पृथ्वीबरोबर.

आता हाच चंद्र ऑस्ट्रेलियातून बघा. तिथे चंद्र उत्तरेकडून जातो. बघणारा उत्तरेकडे तोंड करून बघतो, म्हणजे आपल्या मानानं उलटा उभा असतो. त्याला सशाचे कान डावीकडे दिसतात. ‘टायको’ नावाचं जे ठळक विवर आहे, ज्याच्यातून पांढरे पट्टे सगळीकडे पसरलेले दिसतात, ते आपल्याला मध्यरात्री चंद्राच्या खालच्या भागात दिसतं, त्यांना वरच्या भागात.

मी उतरवून घेतलेल्या फोटोत टायको वर होतं. तो फोटो बहुधा दक्षिण गोलार्धातल्या कुणी काढला होता. आणि मी तो रात्री नऊ वाजता, चंद्र पूर्वेला असताना, आमच्या गच्चीवरून काढला असं छातीठोक सांगितलं होतं. भूगोलाच्या बाईंना!

म्हणजे बाईंना कळलं होतं. आणि त्यांनी मला सांगायची संधी दिली होती. मी ‘हो बाई’ लिहून ती घालवली होती.

मग ठरवलं, माफी मागायची ती हातात खरा फोटो घेऊनच. तेव्हा हा छंद खरा सुरू झाला.

पहिला प्रश्न : गोळा पांढरा का येतो? याचं उत्तर इतकं सोपं आहे की कळल्यावर स्वतःचाच राग आला. आपण रात्री फोटो काढतो म्हणून कॅमेऱ्याला सांगतो, ‘अंधार आहे, जास्त उजेड घे.’ कॅमेराही सगळी चौकट बघतो, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त काळं आकाश असतं, आणि त्या काळ्याला उजळ करायला जातो. पण चंद्रावर रात्र नसते. आपल्याला चंद्राचा जो भाग दिसतो त्यावर ऊन पडलेलं असतं. आपण रात्री उभं राहून दिवसाचा फोटो काढत असतो. गंमत म्हणजे चंद्राचा पृष्ठभाग काही पांढरा नाही. त्यावर पडलेल्या उजेडापैकी सरासरी १२ टक्केच तो परत फिरवतो. वापरून जुना झालेला डांबरी रस्ता साधारण तेवढाच उजेड परत फिरवतो. काळ्या आकाशात तो पांढरा शुभ्र वाटतो एवढंच.

म्हणून भर उन्हातल्या रस्त्याचा फोटो काढताना जे आकडे लावू, जवळपास तेच चंद्राला लावायचे. छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे : पौर्णिमेच्या आसपास छिद्र एफ ११ ठेवा आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका. म्हणजे आयएसओ १०० असेल तर शटर साधारण १/१०० सेकंद. एफ ८ केलंत तर १/२०० किंवा १/२५०. कॅमेरा ‘मॅन्युअल’वर घ्यायचा आणि हे आकडे आपल्या हातानं लावायचे. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पडद्यावर डाग दिसले. एवढासा चंद्र, पण त्यात डाग! मी गच्चीवर एकटाच ओरडलो. खालून वॉचमननं विचारलं, ‘काका, काय झालं?’

अष्टमीच्या चंद्राला मात्र हे आकडे पुरत नाहीत. त्यावर ऊन तिरपं पडतं, म्हणून साधारण चौपट उजेड द्यावा लागतो. १/२५० च्या जागी १/६०. कोर त्याहूनही मंद. मी आधी एक फोटो काढतो, मोठा करून बघतो, आणि मग एक पायरी वर, एक पायरी खाली असे आणखी दोन काढतो. फिल्मचा रोल राहिलेला नाही, ३६ फोटो संपायची भीती नाही.

दुसरा प्रश्न : चंद्र एवढासा का येतो? डोळ्यांना तो केवढा तरी मोठा वाटतो. खरं तर आकाशात तो फक्त अर्धा अंश जागा घेतो. हात लांब करून करंगळी धरा, चंद्र तिच्यामागे पूर्ण लपतो. कॅमेऱ्यात चंद्राची प्रतिमा केवढी पडेल याचा हिशेब सोपा आहे : लेन्सची लांबी भागिले ११०. माझ्या २५० मिलिमीटरच्या लेन्सनं चंद्र पडतो साधारण सव्वादोन मिलिमीटरचा, आणि माझ्या कॅमेऱ्यातला सेन्सर आहे १५ मिलिमीटर उंचीचा. म्हणजे चंद्र चौकटीच्या सातव्या हिश्शाएवढाच. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चंद्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे ६०० ठिपके येतात. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर. म्हणजे एका ठिपक्यात जवळजवळ सहा किलोमीटर. मला खूप जण विचारतात, ‘मग तुझ्या फोटोत आपलं विक्रम लँडर दिसतं का?’ सहा किलोमीटरच्या ठिपक्यात लँडरच काय, आपलं अख्खं गाव बसेल.

आणि उगवताना चंद्र मोठा दिसतो, तो फक्त आपल्या नजरेला. झाडं, घरं यांच्याशेजारी मन त्याला मोठा समजतं. उगवत्या चंद्राचा आणि माथ्यावरच्या चंद्राचा फोटो एकाच लेन्सनं काढून शेजारी ठेवा. उलट उगवताना तो किंचित लहान भरतो, कारण तेव्हा तो आपल्यापासून पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येइतका जास्त दूर असतो. खेरीज तेव्हा त्याचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो, म्हणून तांबूस आणि थरथरता दिसतो. सुंदर दिसतो, पण बारकावे हवे असतील तर त्याला वर चढू द्यावं.

तिसरा प्रश्न सगळ्यात चिवट निघाला : फोटो हलतो. ट्रायपॉड घेतला तरी हलायचा. बटण दाबताना बोटाचा धक्का लागतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. ट्रायपॉडवर असताना लेन्समधली हलणं सावरणारी सोय बंद केली, कारण माझ्या लेन्सवर तीच कधीकधी उगाच हलवाहलव करते. चंद्र स्वतःही सरकत असतो. दर दोन मिनिटांना तो आकाशात स्वतःच्या व्यासाएवढा पुढे जातो. एका सेकंदात माझ्या फोटोतले पाच ठिपके. म्हणून शटर फार वेळ उघडं ठेवून चालत नाही.

एवढं करूनही काही फोटो पुसट यायचे आणि काही नाही. कारण कळेना. महिनाभरानं लक्षात आलं की मी उभा राहत होतो तो भाग लिफ्टच्या यंत्रखोलीला लागून होता. कुणी लिफ्ट बोलावली की गच्ची थरथरायची. पायाला कळत नव्हतं, पण २५० मिलिमीटरच्या लेन्सला बरोबर कळत होतं. आता मी दुसऱ्या कोपऱ्यात उभा राहतो. त्या कोपऱ्यात गेल्यावर समोरच्या इमारतीतल्या लोकांनी सोसायटीकडे विचारणा केली की हे गृहस्थ रात्री एवढी मोठी लेन्स घेऊन नेमकं काय बघतात. त्या सगळ्यांना एकदा गच्चीवर बोलावून चंद्र दाखवला, तेव्हा प्रकरण मिटलं.

फोकसचंही तसंच. अंधारात कॅमेरा स्वतः फोकस करायला जातो आणि लेन्स पुढेमागे घुर्र घुर्र करत बसते. ते बंद करून हातानं करावं. मागच्या पडद्यावर चंद्राची कड दहा पट मोठी करून बघावी आणि कड धारदार होईपर्यंत रिंग अगदी हळू फिरवावी. लेन्सवर अनंताची खूण असली तरी तिच्यावर विसंबून राहू नये.

एवढं जमल्यावर मी आनंदानं दर पौर्णिमेची वाट बघायला लागलो. आणि इथे बाईंचाच एक जुना तास कामाला आला.

तुम्हाला आठवतो का तो वर्गातला महाराष्ट्राचा प्लास्टरचा उठावाचा नकाशा? कोकणाचा एक कोपरा फुटलेला? एकदा बाईंनी खिडक्या बंद करायला लावल्या, टॉर्च घेतला आणि नकाशावर समोरून उजेड टाकला. म्हणाल्या, ‘सह्याद्री दाखवा.’ कुणालाच दाखवता येईना, सगळं सपाट. मग टॉर्च भिंतीला लावून बाजूनं धरला, आणि अख्खी रांग सावली टाकत उभी राहिली. घाट दिसले, खिंडी दिसल्या. बाई म्हणाल्या, ‘उंची उजेडात दिसत नाही रे, सावलीत दिसते.’

पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर समोरून टॉर्च मारत असतो. सावल्याच नसतात. डाग दिसतात, टायकोचे पांढरे पट्टे दिसतात, पण डोंगर आणि विवरं सपाट होतात. कोजागिरी दूध प्यायला उत्तम, फोटोला तितकीशी नाही! फोटो काढावा तो पंचमी ते दशमीच्या दरम्यान. तेव्हा उजेड आणि अंधार यांच्यामधली जी रेष असते, तिच्यावर सूर्य नुकताच उगवत असतो. सकाळच्या उन्हात आपल्याही सावल्या लांब पडतात, तशाच तिथे विवरांच्या काठांच्या पडतात. अष्टमीच्या आसपास त्या रेषेवर मोठमोठी विवरं एकाखाली एक ओळीनं दिसतात, आणि वरच्या भागात ॲपेनाइन नावाची पर्वतरांग. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्या रांगेतली सगळ्यात उंच शिखरं कळसूबाईच्या तिपटीहून उंच आहेत. माझ्या साध्या लेन्समधूनही ती रांग उजळलेल्या दोऱ्यासारखी दिसते.

गॅलिलिओनं १६०९ साली दुर्बीण चंद्राकडे वळवली तेव्हा त्यानं हेच पाहिलं. उजेडाची रेष सरळ नाही, वेडीवाकडी आहे, आणि अंधाऱ्या भागात सुटे उजळ ठिपके आहेत. खालच्या दरीत अजून रात्र असताना शिखरांच्या टोकांना ऊन लागलं आहे, हे त्यानं ओळखलं. चंद्र गुळगुळीत गोळा नाही, त्यावर डोंगर आहेत, हे तो त्या सावल्यांवरून म्हणाला. आणि आपलं चांद्रयान-३? ते २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं. नागपंचमीनंतर दोनच दिवसांनी, म्हणजे शुद्ध सप्तमीला. हा काही पंचांग बघून काढलेला मुहूर्त नव्हता. उतरायच्या जागी तेव्हा नुकतीच सकाळ होत होती. यान सूर्याच्या उजेडावर चालणारं, चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांचा. सकाळी उतरलं म्हणून त्याला पूर्ण दिवस काम करता आलं.

आता एक गोष्ट फोनबद्दल. मी एवढी खटपट सांगितल्यावर कुणीतरी खिशातून फोन काढून म्हणतंच, ‘आमच्या फोनवर याहून छान येतो.’ येतो, खरंच येतो. पण काही फोनमधली प्रणाली समोर चंद्र आहे हे ओळखते आणि आधी शिकलेल्या चंद्राच्या फोटोंवरून बारकावे गडद करते, भरते. फोटो सुंदर होतो. त्यातलं किती त्या रात्री तुमच्या लेन्समधून आलं आणि किती आधीपासून फोनमध्ये होतं, हे मात्र सांगता येत नाही. मी कुणाला नावं ठेवत नाही. मला ते अधिकारच नाहीत. मी तर अख्खा चंद्रच दुसऱ्याचा आणला होता.

गेल्या वर्षी पावसाळाभर काही जमलं नाही. जूनपासून आकाशच नाही. मग कार्तिक शुद्ध अष्टमीला, दिवाळीच्या पाहुण्यांची गडबड ओसरल्यावर, मला हवा तसा एक फोटो मिळाला. मागे लिहून ठेवलं : तिथी, वेळ, आयएसओ १००, एफ ८, १/६० सेकंद. त्याची मोठी प्रत छापून घेतली आणि बाईंच्या घरी गेलो.

बाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. चहा झाला, मुलाबाळांची चौकशी झाली. मी फोटो पुढे केला आणि म्हटलं, ‘बाई, मागचा फोटो माझा नव्हता. मी खोटं बोललो होतो.’

बाईंनी ड्रॉवरमधून बहिर्गोल भिंग काढलं. फोटो उजेडात धरला. मग तो हळूहळू फिरवला, सशाचे कान वर येईपर्यंत. अष्टमीचा चंद्र, म्हणजे ससाही अर्धाच. डोकं आणि कान उजेडात, अंग अंधारात. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मला तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, सांगेल कधीतरी.’

मी म्हटलं, ‘मग ग्रुपवरच का नाही सांगितलंत?’

‘तुम्ही नकाशे पातळ कागद लावून गिरवून आणायचात, तेही मला कळायचंच की. सगळ्या वर्गासमोर कधी सांगितलं का?’

मित्रहो, आपल्यापैकी कितीजणांनी तसे नकाशे गिरवले आहेत ते मी इथे विचारत नाही. मान खाली घातलेल्या मला व्यासपीठावरून दिसत आहेत.

मी विचारलं, ‘तेव्हा शिक्षा का नाही केलीत?’ बाई म्हणाल्या, ‘गिरवता गिरवता तुमच्या हाताला किनारा कळायचा. पुढच्या खेपेला निम्मी मुलं न गिरवता काढायची. जी काढायची नाहीत, त्यांचं मला वाईट वाटायचं.’

मग माझ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हा तुझा. उरलेला ससा कधी आणतोस?’ आणि निघताना दारात ही शिक्षा सुनावली. मी म्हटलं, ‘बाई, तुम्हीच आत्ता म्हणालात की तुम्ही सगळ्यांसमोर कधी सांगत नाही.’ त्यावर उत्तर आलं, ‘मी नाही सांगत. तू सांगायचं.’

तर मी सांगितलं.

त्यानंतर मी प्रत्येक फोटोमागे तिथी, वेळ आणि आकडे लिहितो. माझे फोटो इंटरनेटवरच्या फोटोंच्या जवळपासही जात नाहीत, आणि मला त्याचं आता वाईट वाटत नाही. पण कुणी विचारलं, ‘हा इथूनच काढलास का?’, तर मला उत्तर देता येतं. कुठल्या कोपऱ्यातून, किती वाजता, त्या वेळी लिफ्ट चालू होती की बंद, हेही सांगता येतं.

तुमच्यापैकी कुणाला सुरुवात करायची असेल तर एवढंच सांगतो. नवा महागडा कॅमेरा घेऊ नका. घरात मुलांचा जुना कॅमेरा कपाटात पडलेला असेल, तो काढा. लेन्स २०० मिलिमीटरची असली तरी चालेल. ट्रायपॉड नसेल तर गच्चीच्या कठड्यावर तांदळाची पिशवी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवा. पट्टा मात्र गळ्यात असू द्या. कॅमेराच नसेल तर साधी दुर्बीण घ्या, तीही भिंतीला टेकवून धरा. आणि हे काहीच नसेल तर रोज संध्याकाळी एकदा वर बघा. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. आज जिथे दिसला तिथे उद्या त्याच वेळी नसेल. हे आपण पाचवी-सहावीत पाठ केलं होतं. आपल्या आयुष्याची बरीच वर्षं रात्री वर न बघता गेली, निदान माझी तरी गेली. बघायला काही पैसे पडत नाहीत.

आता शेवटचं. आजची तारीख ठरवताना संयोजकांनी सगळ्यांच्या सुट्ट्या बघितल्या, पण मी गुपचूप पंचांगही बघितलं होतं. आज शुद्ध अष्टमी आहे. अंधार पडेल तेव्हा चंद्र डोक्यावरून नुकताच पश्चिमेकडे कलायला लागलेला असेल, आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळेल. मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीजवळ, मी ट्रायपॉड लावून ठेवला आहे. तिथे लिफ्ट नाही. जेवणाआधी अर्धा तास तिथे या. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चंद्र मोठा करून दाखवतो. सशाचे कान उजवीकडे, किंचित खाली झुकलेले दिसतील. डावीकडे दिसले तर समजा, मी पुन्हा काहीतरी भानगड केली आहे.

पहिल्यांदा बाई बघतील. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, भिंग आणायची गरज नाही. त्यांच्यानंतर बाकीचे सर आणि बाई, मग आपण. रांगेत उभं राहायचं, ढकलाढकली करायची नाही.

बाई, शिक्षा पूर्ण झाली असं समजू का?